सिबिल कोरं असताना घरची गाडी: पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्या कुटुंबांसाठी

“आयुष्यात कुणाचा एक रुपया बुडवला नाही, कर्ज तर घेतलंच नाही, आणि बँकवाला म्हणतो तुमचा रेकॉर्डच नाही!” गाडी घ्यायला निघालेल्या घरांतून हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकलं आहे. आपल्याकडे ते ऐकू येण्यामागे कारणही आहे. व्याजापासून लांब राहायचं म्हणून कित्येक घरांनी बँकेच्या कर्जाला कधी हात लावला नाही. धंदा रोखीचा, बचत भिशीत किंवा सोन्यात, आणि अडीनडीला मामू किंवा चाचांकडून उसने पैसे. गल्लीत अशा माणसाच्या शब्दाला किंमत असते. बँकेच्या संगणकाला मात्र यातलं काहीच दिसत नाही.

मग होतं असं की एक-दोन ठिकाणी नकार मिळाला की माणूस वैतागतो आणि शोरूममधला एजंट जे कर्ज पुढे करेल त्यावर सही करून मोकळा होतो. ते कर्ज बहुतेक वेळा महागातलं असतं. किती महाग, ते पुढे आकड्यांत पाहू. आधी मनात रुतलेला प्रश्न.

व्याजाचं काय?

गाडीचं बँकेचं कर्ज हे व्याजाचं कर्ज आहे. त्याला दुसरं नाव देऊन उपयोग नाही. ते घ्यावं की नाही, गरजेची सूट कुठवर, हे तुम्ही तुमच्या भरवशाच्या आलिमांना विचारा. फतवा देणं आमचं काम नाही. पण व्यवहारात कोणते रस्ते उघडे आहेत आणि कोणते नाहीत, हे सांगता येईल.

इस्लामिक बँकेची वाट पाहत थांबलेली माणसं आम्हाला आजही भेटतात. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार करावा असं सुचवलं होतं, पुढे चर्चाही बरीच झाली. पण हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने घेतल्याचं २०१७ मध्ये स्पष्ट झालं. मुराबहा, म्हणजे संस्थेने गाडी स्वतः विकत घ्यायची आणि ठरलेला नफा उघड सांगून हप्त्यांवर तुम्हाला विकायची, ही पद्धत आखाती देशांत सर्रास चालते. भारतातल्या बँकेला ती करता येत नाही, कारण बँकिंग नियमन कायदा बँकांना मालाची खरेदी-विक्री करू देत नाही. काही शहरांत बिनव्याजी सहकारी पतसंस्था आहेत. त्यांचं काम चांगलं आहे, पण त्यांची कर्जं बहुधा लहान असतात. गाडीची पूर्ण किंमत तिथून उभी राहणं कठीण, डाऊन पेमेंटला हातभार लागू शकतो. अशा संस्थेची सहकार खात्याकडची नोंदणी आणि शेवटचा ऑडिट अहवाल मात्र पाहूनच जा. नुसत्या ‘हलाल’ या शब्दावर विसंबून लोकांनी काय गमावलं, ते २०१९ मध्ये बंगळूरच्या आयएमए प्रकरणात देशाने पाहिलं.

राहता राहिलं कर्ज-ए-हसना. घरातल्यांकडून, दोस्तांकडून थोडं थोडं घेऊन गाडी घेतलेली कुटुंबं आमच्या पाहण्यात आहेत, आणि ज्यांना जमेल त्यांनी हा रस्ता आधी तपासावा असं आम्हाला वाटतं. दोन गोष्टी सांभाळा. पहिली, लिहून घ्या. किती रक्कम, कधीपर्यंत, दोन साक्षीदार. भाऊ-भाऊ आहोत, लिहायचं काय, असं म्हणू नका. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच. दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. प्राप्तिकर कायद्यानुसार वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीत घेता येत नाही आणि रोखीत फेडताही येत नाही. बिनव्याजी असलं तरी नियम तोच, आणि दंड त्या रकमेइतका होऊ शकतो. म्हणून चेक किंवा बँक ट्रान्सफर. शोरूमलाही दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख देता येत नाही. भिशी फुटली की नोटांची पिशवी घेऊन शोरूमला निघायचे दिवस गेले.

यातलं काहीच जमत नसेल, किंवा तुम्ही विचारपूर्वक बँकेचं कर्ज घ्यायचं ठरवलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. घ्यायचंच तर रक्कम कमी, मुदत कमी आणि दर कमी हवा. पैसा वाचतो, आणि व्याज टाळू पाहणाऱ्या माणसाच्या मनावरचा भारही तेवढाच हलका होतो.

कोरं म्हणजे खराब नाही

कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या भारतात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. सिबिल हे नाव तोंडी बसलं, म्हणून आपण सगळ्यांनाच सिबिल म्हणतो. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि ७५० च्या वर असला की बँका खूश असतात. ज्याने कधी कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतलंच नाही, त्याच्या रिपोर्टवर स्कोअरच्या जागी ‘एनएच’ किंवा उणे एक असं येतं. एनएच म्हणजे नो हिस्टरी. त्या उणे चिन्हाला घाबरून जाऊ नका. तो कमी स्कोअर नव्हे, पाटी कोरी आहे एवढाच त्याचा अर्थ. ज्याने हप्ते थकवले त्याचा ५५० आणि तुमचं उणे एक, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे बँकेलाही माहीत असतं, पण काउंटरवरच्या माणसाला सोपं उत्तर हवं असतं. त्याला सांगा की रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत स्पष्ट केलं आहे: पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारला जाऊ नये. किमान अमुक स्कोअर हवाच, असाही रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. सरकारने हे २०२५ मध्ये लोकसभेतही सांगितलं. याचा अर्थ कर्ज द्यायलाच हवं असा नाही. उत्पन्न, नोकरी, इतर देणी पाहून बँक नाही म्हणू शकते. पण मग ‘सिबिल नाही’ एवढं कारण पुरेसं नाही. नकार आला तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा फाइल पुन्हा उघडते.

अर्जाच्या आधी स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढा. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, त्यांच्या वेबसाइटवर पॅन आणि मोबाइल नंबर टाकून तो मिळतो. स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. “माझं काहीच कर्ज नाही” म्हणणाऱ्यांच्या रिपोर्टवर कधी पाच वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतलेला मोबाइल निघतो, कधी मेहुण्याच्या टेम्पोला दिलेली जामीनकी. जामीनदार म्हणून सही केली असेल तर ते कर्ज तुमच्याही नावावर दिसतं, आणि त्याने हप्ता चुकवला तर डाग तुम्हालाही लागतो. एखाद्या जुन्या कार्डाचे दोन हजार ‘सेटल’ करून मिटवले असतील तर तिथे ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो. तो ‘क्लोज्ड’इतका चांगला नाही. उरलेले पैसे भरून तो बदलून घेता येतो.

नावाची गडबड

हा मुद्दा बँकांच्या माहितीपत्रकात सापडणार नाही, पण आपल्या घरांत तो फार छळतो. आधारवर ‘मोहम्मद’ पूर्ण, पॅनवर ‘मोहद’ किंवा ‘एमडी’, बँकेच्या पासबुकावर नुसतं ‘शेख इरफान’, लायसन्सवर ‘इरफान शेख’. शेखचं इंग्रजी स्पेलिंगच घरात तीन प्रकारे. लग्नानंतर बहिणींच्या कागदांवर कुठे वडिलांचं नाव, कुठे शोहरचं, कुठे पुढे ‘बी’, कुठे ‘बेगम’. माणसाला हे एकच नाव वाटतं, यंत्राला चार. परिणाम दोन प्रकारचा होतो. एक तर तुमची नोंद दोन फाइलींत विभागली जाते आणि इतिहास असूनही दिसत नाही. किंवा त्याहून वाईट, त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचं थकलेलं कर्ज तुमच्या रिपोर्टवर येऊन बसतं. एकाच मोहल्ल्यात एकाच नावाचे पाच जण असतात, त्यात नवल काही नाही.

म्हणून गाडी पाहायला जाण्याच्या दोन-तीन महिने आधी एक स्पेलिंग ठरवा आणि पॅन, आधार, बँक खातं तिन्ही त्याच स्पेलिंगवर आणा. सुरुवात पॅन आणि आधारपासून, कारण बाकी सगळे त्यांच्याकडे पाहून चालतात. रिपोर्टवर दुसऱ्याचं कर्ज दिसलं तर त्या कंपनीच्या वेबसाइटवर डिस्प्यूट नोंदवा. त्यासाठी पैसे लागत नाहीत. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती ऑनलाइन होते, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. ‘सिबिल दुरुस्त करून देतो’ म्हणून पाच हजार मागणारे बाजारात खूप आहेत. ते करतात ते एवढंच, आणि तेही धड नाही.

इतिहास नाही, तर पुरावा काय द्यायचा?

बँकेला जाणून घ्यायचं असतं की दर महिन्याला पैसे येतात का, आणि ते टिकतात का. पगारदाराला हे सोपं: तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. ज्या बँकेत पगार जमा होतो तिथे आधी विचारा. त्यांच्याकडे तुमची सगळी आवक आधीच दिसते, त्यामुळे कोऱ्या सिबिलचं त्यांना कमी वावडं असतं.

खरी अडचण असते ती स्वतःचा धंदा करणाऱ्यांची. मालेगाव-भिवंडीचा माग, गॅरेज, बेकरी, फळांची गाडी, शिलाईचं काम. कमाई बरी असते, पण कागदावर नसते. अशा घरांना आमचा सल्ला आहे की निदान एक वर्ष आधी तयारी सुरू करा. रोजच्या गल्ल्यातला मोठा भाग खात्यात भरा. गिऱ्हाइकांचं यूपीआय घरातल्या तीन जणांच्या मोबाइलवर न घेता एकाच खात्यावर घ्या. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून ठेवा. शॉप अ‍ॅक्टचा कागद हवा. आणि आयटीआर भरा, कर लागत नसला तरी भरा. बहुतेक बँका धंदेवाल्याकडे दोन वर्षांचे आयटीआर मागतात, आणि कर्ज हवंय म्हणून एकाच आठवड्यात दोन्ही भरले की त्यांच्या लगेच लक्षात येतं. उत्पन्न खरं तेवढंच दाखवा. फुगवून दाखवलं तर कर भरावा लागेलच, वर झेपणार नाही एवढं कर्ज मंजूर होईल ते वेगळं.

रत्नागिरी, रायगडकडची घरं आखातावर चालतात, त्यांचा प्रश्न निराळा. बारा वर्षं दुबईत नोकरी, तिथे गाडीचं कर्जही वेळेवर फेडलेलं, आणि इथे सिबिल कोरं. तिथला कर्जाचा इतिहास इथल्या रिपोर्टमध्ये येत नाही. अशा वेळी एनआरई खात्यात नियमित येणारा पगार आणि नोकरीचा करार हाच पुरावा. परदेशात राहून कर्ज घ्यायचं तर इथल्या जवळच्या नातेवाइकाच्या नावाने मुखत्यारपत्र बहुधा लागतंच. कायमचे परत येणार असाल तर नोकरी सोडण्याआधी विचार करा. परतल्यावर पगार नाही, इतिहास नाही, मग कर्ज मिळणं फारच अवघड होतं. पण नोकरी संपायला आली असताना पाच वर्षांचे हप्ते गळ्यात बांधून घेणं शहाणपणाचं आहे का, हेही स्वतःला विचारा.

सहअर्जदार घेतला तर कर्ज लवकर होतं. शिक्षिका असलेली बीवी, पेन्शन मिळणारे अब्बा, नोकरीला लागलेली मुलगी, कुणीही चालतं. मात्र सहअर्जदार हा साक्षीदार नसतो, कर्ज त्याचंही असतं. ज्याची सही घेताय त्याला हे आधी समजावून सांगा.

काही जण विचारतात, आधी छोटं काही घेऊन इतिहास तयार करावा का? मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड हा नेहमी सुचवला जाणारा उपाय. दर महिन्याला पूर्ण बिल मुदतीत भरलं तर त्यावर व्याज लागत नाही आणि सहाएक महिन्यांत स्कोअर दिसू लागतो. ठेवीवर व्याज मिळतं, त्याचं काय करायचं तो तुमचा आणि तुमच्या आलिमांचा विषय. ‘शून्य टक्के’ हप्त्यावर फ्रिज-मोबाइल घेऊनही नोंद तयार होते. पण शून्य टक्के असं काही नसतं, व्याज किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये दडलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावलं होतं. केवळ स्कोअरसाठी नको असलेली वस्तू घेणं आम्हाला तरी पटत नाही. थोडं जास्त डाऊन पेमेंट करा, कोऱ्या पाटीवर त्याचा असर जास्त होतो.

मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाबद्दलही विचारणा होते. त्याच्या योजना शिक्षण आणि रोजगारासाठी आहेत. घरच्या वापराच्या गाडीसाठी तिथे खेटे घालू नका.

शोरूममध्ये

आता तो आकड्यांचा हिशोब. समजा पाच लाखांचं कर्ज, पाच वर्षांसाठी. बँकेचा दर साडेनऊ टक्के, घटत्या शिल्लकीवर, ज्याला रिड्यूसिंग म्हणतात. हप्ता येतो सुमारे १०,५००, आणि पाच वर्षांत व्याज जातं सुमारे १ लाख ३० हजार. शोरूममधला एजंट म्हणतो, “चाचा, बँकेत कशाला चकरा मारता, आमच्याकडे आठ टक्के, आजच्या आज.” आठ साडेनऊपेक्षा कमीच, असं कुणालाही वाटेल. पण हे आठ ‘फ्लॅट’ असतात. म्हणजे तुम्ही हप्ते फेडत जाता, मुद्दल कमी होत जातं, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण पाच लाखांवर. पाच लाखांचे आठ टक्के चाळीस हजार, गुणिले पाच वर्षं, दोन लाख. हप्ता ११,६६७. घटत्या शिल्लकीच्या भाषेत हा दर चौदा टक्क्यांच्या वर जातो. ‘कमी’ दराने सत्तर हजार जास्त गेले, आणि दर विचारला होता तरी फसगत झाली, कारण कोणता दर ते विचारलं नव्हतं.

यावर चांगलं औषध आता कायद्यातच आहे. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक बँकेने आणि फायनान्स कंपनीने कर्जाच्या सहीआधी मुख्य तथ्य विवरण, ज्याला केएफएस म्हणतात, ते द्यायलाच हवं. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो. व्याज, प्रोसेसिंग फी, कर्जासोबत चिकटवलेला विमा, सगळं धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतं ते तो सांगतो. दोन ठिकाणची तुलना फक्त याच आकड्यावर करा. हे विवरण तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं, तेव्हा मराठीत मागा. आणि ते हातात पडल्यावर निदान तीन कामकाजाचे दिवस त्या अटी कायम राहतात. ‘ऑफर आज संध्याकाळपर्यंतच’ म्हणणाऱ्याला हे ऐकवा, कागद घरी न्या, शिकलेल्या मुलाला-मुलीला वाचायला लावा.

कर्जावरचा ‘सुरक्षा विमा’ सक्तीचा नसतो. गाडीचा थर्ड पार्टी विमा मात्र कायद्याने सक्तीचा आहे आणि नव्या कारला तो तीन वर्षांचा घ्यावा लागतो. शोरूमच्याच विम्याचा आग्रह असेल तर बाहेरची किंमत काढून बघा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. आणि एजंटला “जिथे होईल तिथे टाका” असं कधीही म्हणू नका. तो एका दिवसात पाच ठिकाणी अर्ज टाकतो, पाचही ठिकाणांहून तुमचा रिपोर्ट मागवला जातो, आणि कोऱ्या पाटीवरची पहिलीच ओळ ही लिहिली जाते की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय.

किंमत धरताना एक्स-शोरूम नव्हे, ऑन-रोड धरा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला किमतीच्या ११ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे सहा लाखांच्या गाडीला ६६ हजार. वर विमा, नोंदणी. बँक कर्ज एक्स-शोरूमवर देते की ऑन-रोडवर, हे आधी विचारलं नाही तर ऐनवेळी लाखभराची जुळवाजुळव करावी लागते.

मुदत वाढवून हप्ता लहान करण्याचा मोह होतो. तेच पाच लाख सात वर्षांवर नेले तर हप्ता ८,१७२ होतो, पण व्याज १ लाख ८६ हजारांवर जातं. पाच वर्षांच्या पुढे जाऊ नका, असं आमचं मत. हप्ता झेपेल का हे ओळखायची एक जुनी युक्ती सांगतो: सहा महिने तालीम करा. गाडी न घेता दर महिन्याच्या पाच तारखेला हप्त्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. रमजान, ईद, शाळेची फी, घरातलं लग्न, यांतला एखादा खर्च मध्ये येऊ द्या. तरीही सहाही महिने पैसे पडले, तर गाडी तुमची. आणि ६३ हजार डाऊन पेमेंटला जमा झाले ते वेगळेच. पेट्रोल आणि सर्व्हिसिंग या हप्त्यात धरलेलं नाही, हे ध्यानात असू द्या.

दुसऱ्याच्या नावावर, किंवा दुसऱ्याची गाडी

सिबिल नाही म्हणून भाच्याच्या नावावर कर्ज काढायचं आणि हप्ते आपण भरायचे, हे घरोघरी चालतं. प्रेम आहे तोवर ठीक. पण गाडी कायद्याने त्याची, विम्याचा दावा त्याचा, आणि तुम्ही पाच वर्षं नेमाने भरलेल्या हप्त्यांचा चांगला इतिहासही त्याचाच. तुमची पाटी कोरी ती कोरीच. त्याला उद्या घराचं कर्ज हवं असेल तेव्हा तुमच्या गाडीचा हप्ता त्याच्या आड येतो. तुम्हीच मुख्य अर्जदार आणि तो सहअर्जदार, असं करता येतं का ते आधी विचारा.

याहून धोक्याचा प्रकार म्हणजे चालू कर्जाची गाडी स्टँपपेपरवर घेणं. “दोन लाख द्या, पुढचे हप्ते तुम्ही भरा, गाडी न्या.” बँक हा कागद ओळखत नाही. आमच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्या भाईंनी अशी गाडी घेतली, हप्त्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला मूळ मालकाच्या हातात दिले. मालकाने ते बँकेत भरलेच नाहीत. आठव्या महिन्यात गाडी उचलून नेली. दोन लाख गेले, आठ हप्ते गेले, आणि दाद मागायला हातात तो स्टँपपेपर. अशी गाडी घ्यायचीच असेल तर मालकासोबत बँकेत जा, उरलेली रक्कम थेट कर्ज खात्यात भरा, एनओसी निघाल्यावरच बाकीचे पैसे द्या.

जुनी गाडी घेणं वाईट नाही. आमच्या मते कर्ज टाळायचं तर लहान, जुनी, रोखीत झेपणारी गाडी हाच पुष्कळ घरांसाठी बरा रस्ता. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्यापेक्षा जास्त असतो, आणि फार जुन्या गाडीला बँक हात लावत नाही. घेण्याआधी आरसीवर हायपोथिकेशन, म्हणजे बँकेचा बोजा, आहे का ते पाहा. परिवहनच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की विमा, पीयूसी आणि बोजा कळतो. थकलेली ई-चलनंही तिथेच तपासा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी लगेच नावावर करून घ्या. “नंतर करू” म्हणता म्हणता दोन वर्षं जातात, आणि मध्ये अपघात झाला तर भरपाईचं लचांड मूळ मालकाच्या गळ्यात पडतं, मग तो तुमच्या दारात.

हप्ता चुकला तर, आणि कर्ज फिटलं की

कोऱ्या पाटीवर पहिल्या वर्षाचे हप्ते फार महत्त्वाचे. खात्यात दोन दिवस आधी पैसे ठेवा. ईएमआय परत गेला की बँक दंड लावते, तुमच्या खात्याची बँकही लावते, आणि नोंद सिबिलला जाते. दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावणं एप्रिल २०२४ पासून बंद आहे, स्टेटमेंटमध्ये तसं दिसलं तर हरकत घ्या. धंदा बसला, आजारपण आलं, तर हप्ता चुकण्याच्या आधी बँकेत जाऊन लेखी सांगा. फोन उचलायचं बंद करणं हा सगळ्यात वाईट उपाय. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, मोहल्ल्यात बदनामी, रस्त्यात गाडी अडवून किल्ली हिसकावणं यातलं काहीच त्यांच्या अधिकारात नाही. कर्जवसुलीसाठी गुंड वापरता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये खडसावलेलं आहे. गाडी ताब्यात घेण्याची पद्धत करारात लिहिलेली असावी लागते आणि लिलावाआधी थकबाकी भरायची शेवटची संधी द्यावी लागते.

हातात जास्तीचे पैसे आले, तर कर्ज लवकर फेडता येतं. मात्र गाडीची कर्जं बहुधा स्थिर दराची असतात आणि मुदतीआधी फेडल्यास शुल्क लागू शकतं. ते किती, हे केएफएसमध्ये सहीच्या आधीच पाहून ठेवा. व्याज नको म्हणून लवकर फेडायचा बेत असलेल्यांनी तर हा आकडा पाहूनच बँक निवडावी.

शेवटचा हप्ता गेला की काम संपलं असं समजू नका. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ च्या सही-शिक्क्याच्या प्रती घ्या, आरटीओत देऊन आरसीवरचा बोजा उतरवा, विमा पॉलिसीवरचं बँकेचं नाव काढा. एनओसीला मुदत असते, ती कपाटात ठेवून विसरलात तर पुन्हा बँकेच्या चकरा. महिनाभराने सिबिलचा रिपोर्ट परत काढा आणि कर्जापुढे ‘क्लोज्ड’ लिहिलंय का, शिल्लक शून्य आहे का, ते बघून घ्या.